टाइमआउट आला, मग पैसे कापले गेले की नाही?

प्रश्न थोडक्यात असा: एकच मोठं अ‍ॅप्लिकेशन होतं, त्यातून ऑर्डर, स्टॉक आणि पेमेंट अशा तीन सर्व्हिसेस वेगळ्या काढल्या. आधी जिथे साधा फंक्शन कॉल होता, तिथे आता एचटीटीपीवरून (वेबच्या प्रोटोकॉलवरून) जेसॉन, म्हणजे मजकुराच्या रूपातला डेटा, जातं-येतं. एरवी सगळं सुरळीत चालतं, पण गर्दीच्या वेळी लॉगमध्ये टाइमआउट, म्हणजे ठरलेल्या वेळेत उत्तर न आल्याच्या नोंदी, दिसू लागतात आणि नेमके तेव्हाच काही ग्राहकांचे पैसे दोनदा कापले जातात. रेस्ट (ही सध्याची एचटीटीपी-जेसॉनची पद्धत) सोडून जीआरपीसीवर, म्हणजे दूरचं फंक्शन थेट बोलावण्याच्या पद्धतीवर, गेलो तर हे थांबेल का, की मध्ये मेसेज क्यू, म्हणजे निरोपांची रांग, टाकावी?

यांपैकी काहीही केलंत तरी तेवढ्याने पैसे दोनदा कापले जाणं थांबणार नाही. जीआरपीसी चांगलं आहे, क्यूही चांगली आहे, आणि कुठलं कधी घ्यावं ते खाली लिहितो. पण तुमची अडचण प्रोटोकॉल निवडण्याच्या आधीची आहे. पलीकडून उत्तर आलंच नाही, तर ऑर्डर सर्व्हिसने काय समजायचं? हे ठरलेलं नसेल तर प्रोटोकॉल कुठलाही असो, भुर्दंड ग्राहकालाच पडणार.

एकाच प्रोसेसमधल्या फंक्शन कॉलचे निकाल दोनच: किंमत परत येते, नाहीतर एक्सेप्शन येतं. प्रोसेस मधेच कोसळली तर बोलावणारा आणि बोलावलेला दोघेही एकदमच जातात, त्यामुळे संभ्रमात पडायला कुणी उरतच नाही. नेटवर्कवरून कॉल केला की तिसरा निकाल येतो: काहीच न कळणं. विनंती वाटेतच हरवली असेल. विनंती पोचून काम पूर्ण झालं आणि उत्तर हरवलं असेल. किंवा पलीकडे काम अजून चालूच असेल. बोलावणाऱ्याला तिन्ही वेळा दिसतं ते एकच, वेळ संपली. या तिसऱ्या निकालाला ‘फेल’ समजून पुन्हा कॉल करणं, हे तुमच्या दुहेरी वजावटीचं मूळ आहे.

तुमच्याकडे बहुधा काय घडत असेल ते सेकंदासेकंदाने पाहू. समजा, ऑर्डर सर्व्हिसचा टाइमआउट ५ सेकंदांचा आहे. गर्दीमुळे पेमेंट सर्व्हिसच्या डेटाबेस कनेक्शन पूलमध्ये (आधीच उघडून ठेवलेल्या मोजक्या कनेक्शनच्या साठ्यात) जागा नाही, म्हणून आलेली विनंती तिथेच ४ सेकंद ताटकळते. चौथ्या सेकंदाला तिला कनेक्शन मिळतं आणि पेमेंट गेटवेला, म्हणजे प्रत्यक्ष पैसे कापणाऱ्या बाहेरच्या सर्व्हिसला, कॉल जातो. पाचव्या सेकंदाला ऑर्डर सर्व्हिसचा धीर संपतो. ती कनेक्शन तोडते, लॉगमध्ये टाइमआउट लिहिते आणि लगेच दुसरा प्रयत्न सुरू करते. इकडे पेमेंट सर्व्हिसचा पहिला थ्रेड, म्हणजे पहिली विनंती हाताळणारा भाग, गेटवेच्या उत्तराकडे डोळे लावून बसलेला आहे. आपल्याला बोलावणारा निघून गेला हे त्याच्या गावीही नाही. साडेपाचव्या सेकंदाला गेटवे ‘यशस्वी’ कळवतो, पैसे कापले जातात, थ्रेड उत्तर लिहायला जातो तर सॉकेट (कनेक्शनचं आपल्याकडचं टोक) बंद. तोवर दुसरी विनंती रांगेत शिरलेली असते, आणि तीही आपलं काम चोख करते.

हे खरंच असंच होतंय का, ते तपासता येतं. दुहेरी वजावटीच्या वेळा घ्या आणि त्या वेळचे पेमेंट सर्व्हिसचे लॉग उघडा. ‘ब्रोकन पाइप’ किंवा ‘कनेक्शन रीसेट’ सापडेल. मध्ये एनजिनएक्स हा वेब सर्व्हर असेल तर त्याच्या अ‍ॅक्सेस लॉगमध्ये ४९९ हा कोड शोधा. उत्तर मिळण्याआधीच क्लायंटने कनेक्शन बंद केलं, यासाठी एनजिनएक्स तो वापरतो. ४९९ च्या नोंदी आणि दुहेरी वजावटी जोडीने दिसल्या की निदान पक्कं.

ही गोष्ट जुनी आहे आणि ज्यांनी हा मार्ग पहिल्यांदा बांधला त्यांना ती नीट ठाऊक होती. १९८४ साली झेरॉक्सच्या पालो अल्टो संशोधन केंद्रातल्या अँड्र्यू बिरेल आणि ब्रूस नेल्सन यांनी रिमोट प्रोसिजर कॉलवरचा प्रसिद्ध शोधनिबंध लिहिला. दूरच्या मशीनवरचं काम घरच्या फंक्शनसारखं बोलावता यावं, मधलं पॅकिंग-अनपॅकिंग ‘स्टब’ने करावं, ही रचना आजच्या जीआरपीसीतही तशीच आहे. त्यांनी दिलेली हमी मात्र फार सावध होती. कॉल परतला तर काम नेमकं एकदा झालेलं आहे. एक्सेप्शन आलं तर ते एकदा झालं असेल किंवा मुळीच झालं नसेल, आणि यातलं काय ते तुम्हाला सांगितलं जाणार नाही. शिवाय, पलीकडचं मशीन जिवंत असल्याची खूण मिळत राहिली तर त्यांची यंत्रणा उत्तरासाठी कितीही वेळ थांबायची. घरच्या कॉलला टाइमआउट नसतो, मग दूरच्या कॉलला का असावा, असा त्यांचा विचार होता. पुढे अशाच दूरच्या कॉलसाठी १९९१ पासून कोर्बा आणि १९९७ पासून जावाचं आरएमआय आलं आणि ‘घरचं’ व ‘दूरचं’ यांतला फरक आणखी झाकला गेला. सन मायक्रोसिस्टम्समधल्या जिम वाल्डो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्येच बजावलं होतं की हा फरक झाकू नका, तो प्रोग्रॅमरला दिसू द्या. माझं मतही तेच आहे. कोड वाचताना कुठली ओळ नेटवर्क ओलांडते हे नुसतं पाहून कळलं पाहिजे.

‘पण खाली टीसीपी आहे ना, तो तर खात्रीने पोचवतो’ असं हमखास ऐकू येतं. टीसीपी म्हणजे एचटीटीपीच्या खालचा, बाइट्स पोचवणारा प्रोटोकॉल. त्याची खात्री कशाची आहे ते नीट समजून घ्या. पलीकडून अ‍ॅक आला म्हणजे बाइट्स त्या मशीनच्या कर्नेलपर्यंत, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यापर्यंत, पोचले. रजिस्टर पत्राची पोचपावती आली म्हणजे पाकीट घरात पडलं, एवढंच. ते फोडून, वाचून कुणी काम केलं असं पोचपावती सांगत नाही. काम झालं की नाही हे फक्त पलीकडचं अ‍ॅप्लिकेशन सांगू शकतं. ही हमी खालच्या थरात कितीही घट्ट केली तरी वरच्या थराला स्वतःची खातरजमा करावीच लागते, हा विचार सॉल्टझर, रीड आणि क्लार्क यांनी १९८० च्या दशकात सविस्तर मांडला आणि इंटरनेटची बांधणी त्यावर उभी आहे.

टीसीपी किती वेळ वाट पाहतो, हेही पाहण्यासारखं आहे. तुम्ही डेटा पाठवला आणि पलीकडचं मशीन अचानक गायब झालं, तर लिनक्स डीफॉल्ट सेटिंगवर १५ वेळा पुन्हा पाठवून पाहतो आणि साधारण पंधरा मिनिटांनी हात टेकतो. विनंतीचा अ‍ॅक येऊन गेला असेल आणि तुम्ही नुसते उत्तराची वाट पाहत असाल, तर त्याहून वाईट. पाठवायला काही नाही म्हणून चुकायलाही काही नाही. कीपअलाइव्ह (पलीकडचं मशीन जिवंत आहे का, ही चौकशी) चालू असेल तरी त्याची पहिली चौकशी डीफॉल्टनुसार ७२०० सेकंदांनी, म्हणजे दोन तासांनी होते. आणि वरच्या लायब्ररी तुम्हाला वाचवतील असं समजू नका. पायथनच्या रिक्वेस्ट्स लायब्ररीत आपण दिल्याशिवाय टाइमआउट नसतो, गो भाषेच्या डीफॉल्ट एचटीटीपी क्लायंटला तो नसतो, जीआरपीसीतही डेडलाइन आपणच द्यावी लागते. आज एकच काम करणार असाल तर सगळ्या कोडमधले नेटवर्क कॉल शोधून प्रत्येकाला स्पष्ट वेळमर्यादा आहे का, ते बघा.

आता उपायाकडे येतो. तिसरा निकाल टाळता येत नाही. त्यामुळे तो आला की तीच विनंती निर्धास्तपणे पुन्हा पाठवता यावी, अशी सोय करायची. एकदा केलं काय नि चारदा केलं काय, परिणाम एकच, अशा कामाला आपल्या क्षेत्रात आयडेम्पोटंट म्हणतात.

याचं जुनं आणि सुंदर उदाहरण म्हणजे सनची एनएफएस ही नेटवर्क फाइल सिस्टिम. तिची दुसरी आवृत्ती, जी १९८९ मध्ये आरएफसी १०९४ म्हणून प्रसिद्ध झाली, सहसा यूडीपीवर, म्हणजे पोचण्याची खात्री न देणाऱ्या प्रोटोकॉलवर, चालायची, आणि उत्तर आलं नाही की क्लायंट तीच विनंती सरळ पुन्हा पाठवायचा. हे चालायचं, कारण ‘पुढचे बाइट्स दे’ अशी विनंतीच तिच्यात नव्हती. विनंती असायची ‘या फाइलच्या या जागेपासून एवढे बाइट्स दे’. ती दहा वेळा पाठवली तरी उत्तर तेच. लिहिण्याचंही तसंच. पण फाइल पुसण्याचं काय? पहिल्या विनंतीने फाइल पुसली, उत्तर हरवलं, दुसऱ्या विनंतीला सर्व्हर म्हणाला ‘अशी फाइलच नाही’, आणि सगळं नीट होऊनही वापरणाऱ्याला चूक दिसली. म्हणून सर्व्हर नुकत्याच आलेल्या विनंत्यांचे क्रमांक आणि त्यांना दिलेली उत्तरं लक्षात ठेवू लागले. ओळखीचा क्रमांक पुन्हा आला की काम न करता जुनंच उत्तर परत द्यायचं. तुम्हाला पेमेंटसाठी हवं आहे ते हेच. आज अशा विनंतीच्या ओळख क्रमांकाला ‘आयडेम्पोटन्सी की’ म्हणतात आणि बहुतेक पेमेंट गेटवे ती स्वीकारतात.

ही की बसवताना बारकावे सांभाळावे लागतात, आणि सगळा खेळ त्यांतच आहे.

की बोलावणाऱ्याने बनवायची, आणि पहिल्या प्रयत्नाच्या आधी. ऑर्डर सर्व्हिसने ऑर्डरच्या रेकॉर्डसोबतच की डेटाबेसमध्ये लिहावी, ट्रान्झॅक्शन कमिट करावं आणि मगच पेमेंटला कॉल करावा. रीट्रायच्या (पुन्हा प्रयत्नाच्या) लूपच्या आत नवी की बनत असेल तर तिचा काडीचाही उपयोग नाही. कोड रिव्ह्यूमध्ये मी पहिल्यांदा पाहतो ते हेच. कॉल केल्यानंतर ऑर्डर सर्व्हिस कोसळली आणि पुन्हा सुरू झाली, तरी तिला तीच की सापडली पाहिजे. म्हणून की नुसती मेमरीत ठेवून भागत नाही.

पेमेंट सर्व्हिसच्या बाजूला त्या कीवर युनिक कन्स्ट्रेंट (तीच की दुसऱ्यांदा घालू न देणारा नियम) असलेलं टेबल ठेवा. विनंती आली की आधी ‘सुरू’ अशा स्थितीची ओळ घाला. ओळ घालता आली तर हे काम तुमचं, पुढे जा. घालता आली नाही तर कुणीतरी आधी आलेलं आहे. त्याची स्थिती ‘पूर्ण’ असेल तर साठवलेलं उत्तर जसंच्या तसं परत द्या. ‘सुरू’ असेल तर ‘काम चालू आहे, थोड्या वेळाने विचारा’ असं सांगा, पण चुकूनही दुसरं काम सुरू करू नका. ‘आधी सिलेक्ट करून पाहू, नसेल तर इन्सर्ट करू’ असं लिहिलंत तर दोन विनंत्या एकाच क्षणी येऊन दोघींना ‘नाही’ दिसेल. निर्णय डेटाबेसच्या कन्स्ट्रेंटवरच सोपवा. कीसोबत विनंतीचा हॅशही (तिच्या मजकुरावरून काढलेला छोटा ठसा) साठवा. की तीच आणि रक्कम वेगळी, अशी विनंती आली तर ती स्पष्ट नाकारा, कारण बोलावणाऱ्याच्या कोडमध्ये कुठेतरी मोठी गडबड आहे.

आणि ‘सुरू’ स्थितीतच पेमेंट सर्व्हिस कोसळली तर? गेटवेला कॉल गेला होता की नाही, हा तोच प्रश्न एक पायरी खाली पुन्हा उभा राहतो. म्हणून गेटवेलाही याच कीवरून बनवलेला संदर्भ क्रमांक पाठवा, म्हणजे सर्व्हिस उठल्यावर त्या क्रमांकाने गेटवेलाच विचारता येईल. ‘सुरू’ स्थितीत ठरावीक वेळेपेक्षा जास्त अडकलेल्या ओळी शोधून त्यांची स्थिती गेटवेकडून विचारणारं एक छोटं काम सतत चालू ठेवावं लागतं. त्यावर रोजचा ताळमेळ, म्हणजे गेटवेची यादी आणि आपली यादी ओळीला ओळ लावून पाहणं. या कामाचा कंटाळा येतो आणि ते नेहमी ‘पुढच्या स्प्रिंटला’ ढकललं जातं. माझा सल्ला, हे आधी करा. आतापर्यंत किती ग्राहकांना फटका बसला तेही यातूनच कळेल आणि त्यांचे पैसे परत करता येतील.

तिसऱ्या निकालाला मानाने वागवणारी रचना पाहायची असेल तर आपली यूपीआय पाहा. मुंबईत मुख्यालय असलेल्या एनपीसीआयने, म्हणजे नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन ऑफ इंडियाने, २०१६ मध्ये ती सुरू केली. एका व्यवहारात पैसे देणाऱ्याची बँक, घेणाऱ्याची बँक, दोन्हीकडची अ‍ॅप्स आणि मधला स्विच, एवढे जण असतात आणि यातलं कुणीही कधीही गप्प होऊ शकतं. म्हणून त्यातले संदेश असिंक्रोनस ठेवलेले आहेत. विनंती पाठवली की लगेच फक्त पोच मिळते, निकाल नंतर वेगळ्या संदेशाने येतो. व्यवहाराचा क्रमांक सुरुवातीलाच बनतो आणि शेवटपर्यंत प्रत्येक संदेशात तोच राहतो. निकाल आला नाही तर त्या क्रमांकाने स्थिती विचारण्यासाठी वेगळी विनंती आहे. आपल्याला मोबाइलवर ‘पेंडिंग’ दिसतं ते म्हणजे हाच तिसरा निकाल, प्रामाणिकपणे सांगितलेला. आणि तो किती काळ लटकत राहू शकतो यालाही मर्यादा आहे. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार, यूपीआयने खात्यातून पैसे गेले आणि समोरच्या खात्यात जमा झाले नाहीत, तर ते व्यवहारानंतरच्या पुढच्या दिवसापर्यंत आपोआप परत आले पाहिजेत. त्यापुढे दर दिवसाला १०० रुपये भरपाई. तुमच्या अ‍ॅपच्या स्क्रीनवरही ‘पेमेंटची खात्री होत आहे’ ही अवस्था हवी. तिच्याऐवजी ‘पेमेंट अयशस्वी’ दाखवलंत की ग्राहक स्वतःच पुन्हा बटण दाबतो आणि तुमची सगळी काळजी वाया जाते, कारण ती नवी ऑर्डर असते आणि नवी की असते.

की बसली की रीट्राय सुरक्षित झाला, पण तो फुकट झाला असं नाही. गर्दीने दमलेल्या सर्व्हिसवर रीट्राय म्हणजे आणखी गर्दी. एपीआय गेटवे (बाहेरून येणाऱ्या विनंत्या आत वळवणारा थर), ऑर्डर आणि पेमेंट या तिन्ही थरांत प्रत्येकी तीन प्रयत्न ठेवले असतील तर वरच्या एका क्लिकमागे तळाच्या डेटाबेसवर २७ कॉल पडू शकतात. म्हणून प्रयत्न एकाच थरात करा, शक्यतो ज्याच्याकडे की आहे त्या थरात. दोन प्रयत्नांमधलं अंतर दर वेळी दुप्पट करा आणि त्यात थोडी यादृच्छिकता मिसळा, नाहीतर एकाच क्षणी अडकलेले सगळे क्लायंट पुन्हा एकाच क्षणी दार ठोठावतात. इथरनेटने १९७० च्या दशकात एकाच केबलवर बोलणाऱ्या मशीन्सची टक्कर अशीच सोडवली होती. आणि एकूण विनंत्यांच्या ठरावीक टक्क्यांपलीकडे रीट्राय जाणार नाहीत अशी मर्यादा घाला.

न लिहिलेले रीट्रायही शोधा. काही क्लायंट लायब्ररी तुटलेल्या कनेक्शनवरची विनंती स्वतःहून पुन्हा पाठवतात. गो भाषेची मानक लायब्ररी हे आयडेम्पोटंट मेथडसाठी (मेथड म्हणजे एचटीटीपी विनंतीचा प्रकार: गेट, पुट, डिलीट, पोस्ट) करते. एनजिनएक्स एका सर्व्हरकडून चूक आली की दुसऱ्याकडे विनंती वळवतो. १.९.१३ आवृत्तीपासून तो पोस्टसाठी डीफॉल्टनुसार असं करत नाही, पण कुणीतरी सेटिंग बदललेली नाही ना, ते पाहा. सर्व्हिस मेश (सर्व्हिसेसमधले कॉल हाताळणारा वेगळा थर) असेल तर तिथलेही नियम वाचा. एचटीटीपीच्या व्याख्येत पुट आणि डिलीट आयडेम्पोटंट आहेत, पोस्ट नाही. पण व्याख्या म्हणजे तुम्ही दिलेला शब्द. पुटच्या आत ‘शिल्लक एकने कमी कर’ असं लिहिलं असेल तर मधले सगळे घटक त्या शब्दावर विसंबून पुन्हा विनंती पाठवतील आणि स्टॉक चुकेल. स्टॉक सर्व्हिसकडे नक्की बघा. ‘ऑर्डर क्रमांक अमुकसाठी तीन नग राखून ठेव’ अशी विनंती पुन्हा आली तरी चालते, ‘तीनने कमी कर’ अशी चालत नाही.

टाइमआउट किती ठेवावा? सरासरीवर ठरवू नका. शंभरातले नव्व्याण्णव कॉल किती वेळात संपतात ते पाहा आणि त्याच्या थोडं वर ठेवा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे प्रत्येक थराने आपापला सुटा टाइमआउट ठेवण्याऐवजी एकच अंतिम वेळ वरून खाली पोचवावी. मोबाइल अ‍ॅप ८ सेकंद थांबणार असेल आणि त्यातले ५ वर गेले असतील, तर पेमेंटला ‘तुझ्याकडे ३ सेकंद आहेत’ हे कळलं पाहिजे. वरच्या प्रसंगात रांगेतून बाहेर आल्यावर पेमेंटने पाहिलं असतं की उरलाय एकच सेकंद, गेटवेला पुरेसा वेळ नाही, तर त्याने कॉलच केला नसता आणि ‘काम सुरूच केलं नाही’ असं ठाम उत्तर दिलं असतं. ठाम नकार तिसऱ्या निकालापेक्षा कितीतरी बरा. जीआरपीसीत ही डेडलाइन विनंतीच्या हेडरमधून जाते आणि पुढच्या कॉलला देण्याची सोय असते. एचटीटीपीवर तुम्हाला स्वतःचं हेडर ठरवून हे करावं लागेल. जीआरपीसी घेण्याचं मला पटणारं सर्वांत मोठं कारण हेच आहे. वेगाचं कारण त्यामानाने किरकोळ.

वेगाच्या बाबतीत अंतर आणि फेऱ्या यांचा हिशेब आधी करावा. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई ते अमेरिकेतलं व्हर्जिनिया हे अंतर नकाशावर सरळ मोजलं तरी १३ हजार किलोमीटरच्या आसपास भरतं, म्हणजे जाऊन-येऊन किमान १३० मिलिसेकंद. केबल सरळ जात नाही, त्यामुळे प्रत्यक्षात आणखी जास्त. नवं कनेक्शन उघडायचं तर टीसीपीची एक फेरी, टीएलएस १.३ या एन्क्रिप्शनची एक, आणि मग विनंतीची एक. पहिलं उत्तर यायलाच तीन फेऱ्या. जीआरपीसीचा बायनरी फॉरमॅट घेऊन यातला एकही मिलिसेकंद वाचत नाही. कनेक्शन उघडं ठेवून पुन्हा वापरलं तर दोन फेऱ्या वाचतात, आणि चाळीस वस्तूंचा स्टॉक चाळीस कॉलऐवजी एका कॉलमध्ये विचारला तर एकोणचाळीस. सर्व्हिसेस एकाच डेटा सेंटरमध्ये असतील तर फेरी मिलिसेकंदाच्या आत होते, तरी चाळीस कॉल म्हणजे उत्तर न येण्याच्या चाळीस संधी.

उघड्या ठेवलेल्या कनेक्शनचा एक सापळा इथेच सांगतो, कारण तो फार जणांना छळतो. नोड जेएसचा (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या व्यवस्थेचा) एचटीटीपी सर्व्हर रिकामं कनेक्शन डीफॉल्टनुसार ५ सेकंदांनी बंद करतो. त्याच्यापुढे एडब्ल्यूएसचा अ‍ॅप्लिकेशन लोड बॅलन्सर (विनंत्या सर्व्हरांमध्ये वाटणारा) असेल तर तो तेच कनेक्शन ६० सेकंदांपर्यंत वापरण्याजोगं समजतो. नोड कनेक्शन बंद करत असतानाच बॅलन्सर त्यावर नवी विनंती लिहितो आणि ग्राहकाला ५०२ हा एरर मिळतो. दिवसातून थोडेच येतात, कुठल्याच कोडमध्ये चूक सापडत नाही. सर्व्हरची मर्यादा बॅलन्सरच्या मर्यादेपेक्षा जास्त ठेवली की संपलं.

जीआरपीसी घेणार असाल तर दोन गोष्टी आधी माहीत असू द्या. ते एचटीटीपी/२ चं एकच कनेक्शन दीर्घकाळ उघडं ठेवतं आणि सगळे कॉल त्यावरून पाठवतं. कुबरनेटीसची (सर्व्हिसच्या अनेक प्रती चालवणाऱ्या व्यवस्थेची) साधी सर्व्हिस मात्र भार वाटते तो कनेक्शनच्या हिशेबाने. परिणामी पेमेंटचे पाच पॉड (प्रती) उभे केले तरी एका क्लायंटचे सगळे कॉल एकाच पॉडवर आदळतात. क्लायंटच्या बाजूने भारवाटप करा किंवा मध्ये एचटीटीपी/२ समजणारा प्रॉक्सी ठेवा. दुसरं, प्रोटोबफमध्ये, म्हणजे जीआरपीसीच्या डेटा फॉरमॅटमध्ये, तारेवरून फील्डचं नाव जात नाही, क्रमांक जातो. काढून टाकलेल्या फील्डचा क्रमांक नव्या फील्डला दिलात तर जुना क्लायंट नव्या आकड्याला जुना अर्थ लावेल आणि कुठेही एरर येणार नाही. काढलेला क्रमांक ‘रिझर्व्हड’ म्हणून नोंदवा. नव्या-जुन्या आवृत्त्या रोलआउटच्या वेळी एकत्र नांदतातच, हे गृहीत धरूनच प्रत्येक बदल करायचा.

जेसॉनवरच राहिलात तरी काही बिघडत नाही. मात्र मोठे आयडी स्ट्रिंग म्हणून पाठवा. जावास्क्रिप्ट ९००७१९९२५४७४०९९१ च्या पुढचे पूर्णांक बिनचूक धरू शकत नाही, शेवटचे अंक गुपचूप बदलतात. आणि रक्कम रुपयांच्या दशांशात (१२.५०) न पाठवता पूर्णांक पैशांत (१२५०) पाठवा.

राहिली क्यू. क्यूने एक मोठा फायदा होतो: पेमेंट सर्व्हिस दहा मिनिटं बंद असली तरी ऑर्डर घेणं थांबत नाही. इन्व्हॉइस, ईमेल, गोदामाला कळवणं, ही कामं खुशाल क्यूवर टाका. ग्राहक स्क्रीनसमोर उत्तराची वाट पाहत उभा आहे ते काम क्यूवर टाकलंत तर यूपीआयसारखी ‘पोच आधी, निकाल नंतर’ ही मांडणी पूर्ण करावी लागेल. अर्धवट चालत नाही.

पण क्यूवरही दुहेरी काम होतंच. कन्झ्युमरने (क्यूवरचा मेसेज उचलणाऱ्या प्रोसेसने) काम केलं आणि अ‍ॅक देण्याआधी तो कोसळला, तर मेसेज पुन्हा येतो. बहुतेक क्यूंची हमी ‘किमान एकदा’ अशीच असते. काफ्का या मेसेज यंत्रणेने २०१७ मध्ये ‘नेमकं एकदा’ आणलं, ते काफ्कातून वाचून काफ्कातच लिहिण्यापुरतं आहे. तुमचा कन्झ्युमर मध्येच बाहेरच्या गेटवेला कॉल करत असेल तर तो कॉल त्या हमीबाहेर राहतो. म्हणजे की आणि युनिक कन्स्ट्रेंट इथेही लागतातच.

मेसेज टाकण्याच्या बाजूलाही एक फट आहे. ऑर्डर डेटाबेसमध्ये लिहिली आणि क्यूवर मेसेज टाकण्याआधी प्रोसेस गेली, तर ऑर्डर आहे पण कुणाला पत्ता नाही. क्रम उलटा केला तर मेसेज आहे पण ऑर्डर नाही. यासाठी मेसेज आधी त्याच डेटाबेसमधल्या आउटबॉक्स टेबलमध्ये, ऑर्डरच्याच ट्रान्झॅक्शनमध्ये लिहा. एक वेगळी प्रोसेस ते टेबल वाचून क्यूवर टाकत राहील. तीही कधीतरी एखादा मेसेज दोनदा टाकेल, पण ते पलीकडची की सांभाळून घेईल. क्यूची लांबी मोजण्यापेक्षा सर्वांत जुना मेसेज किती वेळ पडून आहे त्यावर अलार्म लावा.

तुमच्या जागी मी असतो तर हा क्रम ठेवला असता. आधी ताळमेळ आणि परतावे. मग पेमेंटच्या कॉलला की, आणि अ‍ॅपमध्ये ‘खात्री होत आहे’ ही अवस्था. मग खालच्या थरांतले रीट्राय काढून टाकणं आणि डेडलाइन खाली पोचवणं. क्यू त्यानंतर, इन्व्हॉइस आणि ईमेलपासून. जीआरपीसीचा विचार सर्वांत शेवटी.

हे सगळं बसलं की नाही याची परीक्षा घ्यायला विनंती अडवून उपयोग नाही, उत्तर अडवावं लागतं. चाचणीच्या वातावरणात पेमेंट सर्व्हिसमध्ये असा स्विच ठेवा की गेटवेचा कॉल पूर्ण झाल्यावर, निकाल डेटाबेसमध्ये लिहिण्याआधी प्रोसेस ठार व्हावी. दुसरा स्विच, निकाल लिहून झाल्यावर पण उत्तर पाठवण्याआधी. दोन्ही ठिकाणी शंभरेक ऑर्डर मारून पाहा आणि गेटवेच्या टेस्ट खात्यातली यादी ऑर्डर टेबलशी लावा. प्रत्येक ऑर्डरपुढे जास्तीत जास्त एकच वजावट आणि शेवटी ‘सुरू’ स्थितीत एकही ओळ शिल्लक नाही, असं दिसलं की तोच प्रयोग स्टॉकच्या कॉलवर करा.